सीनेच्या दोन काठांचा भाव

मी आयुष्यात एकही बिडी ओढलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण रविवारी उपासनेला माझ्या शेजारी बसणाऱ्यांचा यावर कधी विश्वास बसला नाही. कोट कितीही धुतला तरी त्याचा तंबाखूचा वास जायचा नाही. पाळकसाहेबांनी एकदा मला बाजूला घेतलं आणि व्यसन सोडायला प्रार्थनेचा चांगला उपयोग होतो असं हळूच सुचवलं. मी म्हटलं, "साहेब, ती फळाला आली तर माझी भाकरी जाईल." ते हसले, पण पुढच्या रविवारी हस्तांदोलन करताना त्यांनी पुन्हा वास घेतला, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मी बिडी कारखान्यात चेकर होतो. या मासिकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा सून म्हणाली, "मामंजी, बिड्या दाबून बघण्यात लिहिण्यासारखं काय असणार?" तिचंही बरोबर आहे. बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसत नाही. म्हणून आधी काम काय होतं ते सांगतो.

मिरजगावचा आमचा कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची पडवी. यंत्र नाही, चाक नाही, भोंगा नाही. बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. पानं टेंभुर्णीची. ती चांद्याकडच्या जंगलातून नगरला आणि तिथून आमच्याकडे यायची. आदल्या संध्याकाळी ती भिजवून तरटात गुंडाळून ठेवायची, म्हणजे सकाळी मऊ पडतात. मग पत्र्याचा एक लहानसा तुकडा पानावर ठेवून त्या मापाने कात्री फिरवायची, शीर काढायची, चिमूटभर तंबाखू पसरायची आणि पान वळायचं. एक तोंड नखाने दुमडून बंद करायचं, दुसऱ्या टोकाला सूत बांधायचं. हे सगळं वाचायला तुम्हाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात चांगली बाई दोन-तीन बिड्या वळून मोकळी होते. मजुरी हजारावर असायची.

संध्याकाळी माझं काम सुरू व्हायचं. बाईने आणलेला माल बोटांनी चाचपायचा आणि सैल, फाटकी, पोकळ बिडी बाजूला टाकायची. तिला छाट म्हणत. पुष्कळ कारखान्यांत छाट मालकाची असे. म्हणजे बाईला त्या बिडीची मजुरी नाही आणि बिडी मात्र बाजारात विकली जायची. मी नोकरीला लागताना शेठना अट घातली होती की छाट बाईच्या सुपात परत जाईल. शेठ म्हणाले, "चेकर, फारच धर्मात्मे दिसता." मी म्हटलं, "धर्माचं राहू द्या. जिची छाट आपण ठेवून घेऊ ती दुसऱ्या दिवशी प्रत्येक बिडीत तंबाखू कमी घालील." शेठना हिशेब पटला. ते वाईट नव्हते, हिशेबी होते. एवढं करूनही बायकांनी माझं नाव छाटमामा ठेवलं, आणि ते काही लाडाने ठेवलेलं नव्हतं.

माझ्यासारखा चेकर नगर जिल्ह्यात दुसरा नव्हता. डोळे मिटून बिडी हातात दिली तर ती कुणी वळली ते मी सांगत असे. कुणाचं तोंड दुमडणं घट्ट, कुणाची गाठ ढिली, कुणी पानाची उलटी बाजू बाहेर काढते, हे बोटांना पाठ झालेलं असतं. आमच्यात पहिल्या नंबरची वळणारी कौसाबाई. नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी, गया. तिला कौसाबाईने सुपाच्या कडेला बसवूनच वाढवलं. कौसाबाई सुताचा एक फेरा इतरांपेक्षा जास्त घ्यायची आणि गाठ पानाच्या घडीखाली दडवायची. मी विचारलं होतं, कशाला हा जास्तीचा खटाटोप? तर म्हणाली, "सुटली तर तुमी माजंच नाव घ्याल ना मामा." गयाने आईची ती बांधणी जशीच्या तशी उचलली होती.

गयाला टाकळीला दिली होती. मिरजगावहून उतरलं की सीना नदी लागते. अलीकडे तेव्हा इंग्रजांचं राज्य, पलीकडे निजामाचं. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. टाकळी मोगलाईत. पावसाळा सोडला तर नदीच्या पाण्याने चप्पलही धड भिजायची नाही. पण अलीकडचा रुपया कलदार, पलीकडचा हाली, आणि हाली रुपया कलदारापेक्षा दोन-सव्वादोन आण्यांनी हलका. पलीकडच्या काठावर करोडगिरीचा नाका होता. तिथे तेल, तूप, कापड, तंबाखू, जे जे गाडीत असेल त्याच्यावर कर बसायचा. माणसांवर मात्र कर नव्हता, आणि त्याचा फायदा दोन्ही काठांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला. अर्ध्या टाकळीचं माहेर मिरजगावात होतं आणि मिरजगावातल्या कितीतरी सुना टाकळीच्या लेकी होत्या.

मी सांगतोय ते दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतलं. धान्य महाग, कापड महाग, रॉकेल तर दिसेनासं झालेलं. नगरला पलटणी उतरल्या होत्या आणि बिडीला कधी नव्हती एवढी मागणी होती. बायकांनी भाव वाढवून मागितला. शेठनी कुरकुर करत हजाराला बारा आणे केले. बायका खूश झाल्या, आणि मीही. पण काही महिन्यांत शेठनी टाकळीत एक रिकामं गोदाम भाड्याने घेतलं.

मला समोर बसवून त्यांनी कारण सांगितलं. "चेकर, तिकडे बाई सात आण्यांत बसते. आणि ते सात आणे हाली. नाक्यावर कर भरला, गाडीभाडं दिलं, तरी मला परवडतं."

दर आठवड्याला बैलगाडीतून पानं आणि तंबाखू पलीकडे न्यायची, तिथला तयार माल तपासून अलीकडे आणायचा, आणि तिथली मजुरीही मीच वाटायची, असं माझं काम वाढलं. टाकळीत बिडी धड कुणाला येत होती? एकट्या गयाला. तिनेच बाकीच्यांना शिकवलं. तिची सासू राहीबाई हीसुद्धा सूप घेऊन बसली. राहीबाईचा हात खुरप्याचा, बोटं जाड. तिच्या निम्म्या बिड्या मला छाटीत टाकाव्या लागत आणि ती माझ्याकडे असं बघायची की मी तिची कोंबडी चोरली आहे. पण एकंदरीत टाकळी खूश होती. सात आणे हाली का असेनात, ते खुरपणीपेक्षा जास्त होते आणि सावलीत बसून मिळत होते. शेठचं नाव तिथे चांगलं निघायचं. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट एकाच बाजूने सांगितल्यासारखी होईल.

टाकळीचा हात बसला, माल वाढला, आणि एके दिवशी शेठनी मिरजगावच्या पडवीत उभं राहून जाहीर केलं की इथला भाव आता हजाराला नऊ आणे. ज्यांना परवडेल त्यांनी बसावं. ज्यांना परवडणार नाही त्यांची कामं टाकळीला जातील.

नेमकी त्याच वेळी टाकळीची गाडी दारात उभी होती. कौसाबाई उठली, गाडीपाशी गेली, पोत्यातून एक जुडी काढली आणि तिच्यातली एक बिडी बोटांत फिरवली. घडीखालची गाठ तिने नखाने वर काढली.

"ही तर गयाची बांधनी हाय," ती म्हणाली.

मी मान हलवली. ती बिडी तिने परत जुडीत नीट बसवली.

"म्हंजी मामा, माज्या पोटावर माजीच लेक आनून बसवली व्हय तुमी."

दोन-तीन तरण्या बायका चिडून उठल्या. गाडी सीनेत नेऊन उलथी करू, एकदा माल भिजला की शेठ वठणीवर येईल, असं त्यांचं म्हणणं. कौसाबाईने त्यांना तिथल्या तिथे बसवलं. "बुडवून बुडवून काय बुडवाल? पोरींनीच वळल्यात त्या. तिकडं सात आन्याची आशा न्हाई त्यांना? बसा खाली," ती म्हणाली आणि स्वतः नऊ आण्यांच्या भावात पुन्हा सूप मांडीवर घेतलं. मला वाटलं, झालं, मिटलं. बाई शहाणी आहे, तिने मानलं.

मग श्रावण आला. नागपंचमीला लेकी माहेरी येतात. भाऊ मुराळी म्हणून जातो आणि बहिणीला घेऊन येतो. आमच्या ख्रिस्ती घरांतही पंचमीला बहिणी येतात, फक्त वारुळाला जात नाहीत. टाकळीचं गोदाम पंचमीला रिकामं होणार हे मला ठाऊक होतं आणि मी ते शेठच्या कानावर घातलंही होतं. "दोन-चार दिवस झोके खेळतील आणि परत येतील," मी छातीठोकपणे सांगितलं. इतकी वर्षं बायकांच्या बिड्या तपासल्यावर मला बायका कळतात असा माझा समज झाला होता.

पंचमी होऊन आठवडा गेला. मी गाडी घेऊन टाकळीला गेलो तर गोदामात राहीबाई आणि तीन-चार म्हाताऱ्या. दारात एक शेळी बांधलेली.

"बाकीच्या कुठं आहेत?" मी विचारलं.

"माह्यारी," राहीबाई म्हणाली.

"अजून?"

"मला कामून इचारता? त्यांच्या आयांना इचारा. आनायला गेलं की म्हनत्यात, राहू द्या अजून चार दिस, पोर वाळलीय."

परत आलो तर मिरजगावच्या पडवीतही ओळीत खिंडारं पडलेली. मिरजगावच्या ज्या सुनांचं माहेर टाकळीला होतं त्या तिकडून परतल्याच नव्हत्या. म्हणजे इकडच्या लेकी इकडे, तिकडच्या लेकी तिकडे, आणि माहेरी आलेल्या लेकीला कुणी कामाला लावत नाही. दोन्ही काठांवर घरोघर तरण्याताठ्या, हातात कसब असलेल्या बायका केस विंचरून घेत बसल्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शेठ मिरजगावच्या फौजदाराकडे गेले. सभा नाही, घोषणा नाही, संपाची नोटीस नाही. फौजदाराने विचारलं, लेकीला माहेरी ठेवून घेतलं म्हणून कुठलं कलम लावू? त्याच्या स्वतःच्या घरी दोन बहिणी आलेल्या होत्या. मोगलाईत सभा घेतली असती तर निजामाच्या पोलिसांनी बायकांना सुपासकट उचललं असतं. पण त्यांनाही इथे धरण्यासारखं काही सापडलं नाही. शेठनी मला कौसाबाईकडे पिटाळलं.

कौसाबाई दुपारच्या सुट्टीत घरी आलेली होती आणि ओट्यावर बसून गयाच्या केसांना तेल लावत होती. मी निरोप सांगितला. तिने ऐकून घेतलं.

"मामा, मी काय केलंय? मी रोज येऊन नऊ आन्यात वळते का न्हाई? लेक माह्यारी आलीय. ऱ्हाईल चार दिस."

"कौसाबाई, मला तरी सरळ सांगा. शेठनी काय केलं म्हणजे ती जाईल?"

तिने वेणीचा पेड घट्ट ओढला. "आता तुमी इचारताय म्हनून सांगते. मी म्हनले असं सांगू नका. नदीच्या दोन्ही अंगांना भाव एकच पायजे, आन तो कलदारात. मंग पोरी गेल्या काय आन आल्या काय, कुनाचा घास कुनी वढनार न्हाई."

शेठनी हे ऐकलं आणि ते हसले. त्यांचा सगळा भरवसा सासवांवर होता. त्यांनी टाकळीत निरोप फिरवला की पोळ्याच्या आत सुना परत आल्या नाहीत तर गोदामाला कुलूप लागेल. तो निरोप मीच नेला, नोकरी होती माझी. घरोघर आरडाओरड झाली. राहीबाई सगळ्यांत जास्त बोलली. गयाला लग्न होऊन तीन वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. पोळ्याला सून दारात दिसली नाही तर पोराला दुसरी बायको करते, असं तिने पारावर चार माणसांत सांगितलं. मोगलाईत काय आणि आमच्याकडे काय, तेव्हा दुसरी करणं म्हणजे नुसती पत्रिका बघण्याएवढंच काम होतं.

शेठनी आणखी एक फासा टाकला. मला म्हणाले, "कौसाबाईला सांगा, तिला एकटीला बारा आणे देतो. ओळीची मुकादमीण करतो. फक्त पोरीला परत धाडू दे. ती गेली की बाकीच्या जातील."

मी पुन्हा त्या ओट्यावर जाऊन बसलो. खरं सांगतो, तो निरोप द्यायला मला जड गेलं, आणि राहीबाईची पारावरची गोष्ट तर मी सांगितलीही नसती. पण ती माझ्या आधीच येऊन पोचली होती. कौसाबाईचा चेहरा उतरलेला होता. बारा आण्यांचं आणि मुकादमकीचं तिने ऐकलंच नाही. ती उठून आत गेली आणि गयाचं लुगडं, चोळी, पंचमीच्या बांगड्या असं सगळं एका फडक्यात बांधून बाहेर आली.

"ऊठ," ती गयाला म्हणाली. "मामांच्या गाडीत बस. नऊ आने तर नऊ आने. तुझा संसार मोडून मला भाव नको."

गया उंबऱ्यात बसली होती. ती मुलगी कधी मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. तिने ते गाठोडं आईच्या हातून घेतलं, सोडलं आणि लुगड्याची घडी परत खुंटीवर टाकली.

"आई, मी गेले की समद्या जातील. शेवंता जाईल, भागी जाईल. मंग पुढच्या वर्साला तिकडं पाच आने हुतील आन हिकडं सात. तवा काय करायचं?"

"आन त्यानं दुसरी केली तर?"

"केली तर तिला बी वळायला मीच शिकवीन."

असं म्हणून ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. कौसाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी चपला घातल्या आणि निघालो. शेठना एवढंच सांगितलं की बाई ऐकत नाही. शेठचा नोकर असूनही ती मुलगी हरू नये असं मला मनापासून वाटत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सीनेला पाणी होतं. दुपारी मी पडवीत माल चाळत बसलो होतो, शेठ गादीवर होते, कौसाबाई आपल्या जागेवर. इतक्यात कमरेपर्यंत ओलं लुगडं नेसलेली एक बाई दारात उभी राहिली. डोक्यावर बोचकं. ती राहीबाई होती. सून आणायला सासू कधी स्वतः येत नाही, व्याह्याच्या गावात बिनबोलावता तर नाहीच. कौसाबाईचे हात थांबले.

राहीबाईने विहिणीकडे पाहिलंही नाही. बोचकं माझ्यासमोर सोडलं. आत तिने आठवडाभरात वळलेल्या बिड्या होत्या, पाणी लागू नये म्हणून तरटात बांधलेल्या.

"तपासा," ती म्हणाली.

मी तपासल्या. ओळखीची गोष्ट होती, निम्म्या छाटीत गेल्या. तिने छाट मुकाट्याने पदरात घेतली आणि उरलेल्यांकडे बोट केलं.

"ह्येचा भाव द्या. हिथला."

शेठ गादीवरून म्हणाले, "बाई, टाकळीच्या मालाला टाकळीचा भाव."

"बिडी हिथंच आलीय की. हितल्याच भट्टीत शेकनार, हितल्याच बिड्यांसंगं इकनार. वढनाऱ्याला कळतं व्हय, कंची सीनेच्या कंच्या अंगाची हाय ती?"

"भाव जागेचा असतो. तिथे बसून वळली तर तिथला."

राहीबाईने मान डोलावली. मग ती कौसाबाईच्या शेजारच्या रिकाम्या जागी गेली, भिंतीला टेकलेलं सूप घेतलं आणि मांडी घालून बसली.

"मंग म्या हिथं बसते. हिथं बसलं की हिथला भाव, असंच ना? माजी सून हिथंच हाय, तिची भाकरी मी बी खाईन. पोळा झाला की टाकळीच्या समद्या सासवा येतील. नाक्यावर आमाला कोन इचारतंय?"

ज्या सासवांनी सुना ओढून आणायच्या, त्याच नदी ओलांडून शेठच्या पडवीत बसायला निघाल्या होत्या. दिवाळीचा माल तोंडावर होता, नगरचे व्यापारी रोज माणूस पाठवत होते, आणि टाकळीत भाड्याच्या गोदामात शेळी बांधलेली. मला शेठचा स्वभाव ठाऊक होता. त्यांना राग येण्याआधी हिशेब सुचायचा. त्यांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.

"दोन्हीकडे अकरा आणे. कलदार."

राहीबाईला कलदारातलं फारसं समजत नव्हतं. तिने पहिल्यांदाच विहिणीकडे पाहिलं. कौसाबाईने पान कापता कापता, मान वर न करता सांगितलं, "बारा."

"बारा," राहीबाई म्हणाली.

शेठ म्हणाले, "चेकर, लिहून घ्या." आणि आत निघून गेले.

मग राहीबाईने सूप बाजूला ठेवलं आणि कौसाबाईला म्हणाली, "विहीनबाई, उद्या पोळा हाय. सून धाडता का?"

"जेवून जा," कौसाबाई म्हणाली. "मंग धाडते."

दुसऱ्या बायकोचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही, नंतरही नाही. राहीबाईचं मन का फिरलं हे मी तिला बऱ्याच दिवसांनी विचारलं. ती म्हणाली, रिकाम्या गोदामात बसले तवा समजलं, की सुनेला शिव्या घालून मी शेठचंच काम फुकटात करत होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. नदीच्या दोन्ही काठांना भाव एक झाला तरी शेठनी टाकळीचं गोदाम बंद केलं नाही, कारण मागणी होती आणि टाकळीचा हात आता बसलेला होता. नंतर मोगलाईत रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला तेव्हा टाकळीच्या कितीतरी बायका मुलांना काखेत मारून अलीकडे आल्या आणि आमच्याच पडवीत बसल्या. भाव आधीच एक असल्यामुळे कुणी कुणाकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. एरवी आलेल्यांच्या नावाने मिरजगावात भांडणं झाली असती, हे मी पैजेवर सांगतो. मग निजामाचं राज्य गेलं, नाका उठला, हाली रुपयाही हळूहळू नाहीसा झाला.

आणि काही वर्षांनी शेठही गेले. पान जिथे पिकतं तिकडे, लांब, त्यांनी मोठा कारखाना काढला. तिथे भाव कमी होता. इतक्या लांबच्या गावात मिरजगावची एकही लेक दिलेली नव्हती, तेव्हा तिथल्या बायकांशी आमच्या बायकांची गाठ कशी पडणार? लेकीला माहेर असतं, पैशाला नसतं. मिरजगावची पडवी आधी निम्मी झाली, मग बंद पडली. मी दुसऱ्या कारखान्यात लागलो. कौसाबाईने शेवटची काही वर्षं घरीच वळून काढली. मला त्याचं वाईट वाटतं. आम्ही एक नदी जिंकली होती, पण पुढेही नद्या असतात याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता.

तरी त्या कामाचा विचार करतो तेव्हा मला पडवीचं कुलूप आठवत नाही. पोळ्यानंतरचा टाकळीतला पहिला पगार आठवतो. मी कलदारांची पिशवी घेऊन गोदामाच्या ओट्यावर बसलो होतो. सगळ्या सुना परतल्या होत्या, शेळी दुसरीकडे हलवली होती. टाकळीत सुनेची मजुरी तिच्या हातात द्यायची रीत नव्हती. ती सासूकडे जायची, सासू नसेल तर नवऱ्याकडे. राहीबाई समोर आली. तिची मजुरी मी दिली, छाट वजा जाऊन जेवढी झाली तेवढी. तिने ती कनवटीला लावली. मागे गया उभी होती. मी नेहमीप्रमाणे गयाचे पैसेही राहीबाईपुढे धरले.

राहीबाईने हात मागे घेतला.

"माजं मी घेतलंय," ती म्हणाली. "तिचं तिला द्या."

गयाने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात पुढे करायचं तिला सुचेना. तिने आजवर लाखांनी बिड्या वळल्या असतील, पण पैसे घ्यायला हात कसा धरायचा हे तिला माहीत नव्हतं. शेवटी राहीबाईनेच तिचं मनगट धरलं, मूठ उघडली आणि तो तळवा माझ्यासमोर धरून ठेवला, मी एकेक नाणं त्यावर ठेवीपर्यंत.